डिक्कीचे शॉकप आणि मायचा उजवा हात

दुसऱ्यांची दुकानं समोर उघडतात, आमचं वर उघडायचं. आप्पांनी नांदेडहून एक जुनी पांढरी व्हॅन आणली होती. तिच्या मागच्या डिक्कीचं झाकण वर उचललं की खाली सावली, सावलीत माय आणि मायच्या दोन्ही अंगाला बांगड्यांचे पत्र्याचे डबे. झालं दुकान. घर आखाडा बाळापूरला, पण आठवड्यातले निम्मे दिवस आमचे बाजारात जायचे, कधी शिरड शहापूर, कधी जवळा बाजार, कधी आमच्याच गावचा बाजार. बाजारात पोचलं की आप्पा गाडी उलटी लावायचे, म्हणजे तोंड पलीकडं आणि पाठ गिऱ्हाइकांकडं. "आपली गाडी लाजाळू हाय, बायकांना तोंड दाखवत न्हाई," असं म्हणायचे. हा विनोद ते दर बाजारी करायचे आणि दर बाजारी स्वतःच हसायचे. माय नुसती "व्हय व्हय" करायची आणि डबे उघडायला लागायची.

आम्ही कासार. बाजाराच्या दिवशी घर अंधारातच जागं व्हायचं. चुलीवर भाकरी थापल्याचा आवाज, खलबत्त्यात ठेचा कुटल्याचा आवाज, आणि त्याच्या मधून आप्पांचं बोलणं. आप्पा इंजिनापेक्षा जास्त बोलत. निघायच्या आधी माय पातेलंभर सुशीला करायची. मुरमुरे भिजवून, वर मिरची-शेंगदाण्याची फोडणी. ती गरम सुशीला मी गाडीत मागं डब्यांच्या मधोमध बसून खायची. रस्ता असा, की खड्डा कुठं संपतो आणि रस्ता कुठं सुरू होतो ते आप्पांनाच ठाऊक. काचेच्या हजारो बांगड्या वाजायच्या, पण फुटायच्या नाहीत, कारण मायनं प्रत्येक डब्यात जुन्या लुगड्याचे बोळे कोंबलेले असायचे. आता माझ्या लेकीच्या गाडीत बसलं की बाहेरचा आवाजसुद्धा येत नाही. झोप येते बाई मला त्या गाडीत, दुसरं काही येत नाही.

माय बांगड्या भरायची तो सोहळा असायचा. गाडीच्या मागच्या फळीवर ती पाय खाली सोडून बसायची, समोर लाकडी स्टूल, स्टुलावर गिऱ्हाईक. आलेल्या बाईचा हात ती आधी नुसताच हातात घ्यायची. कापूस वेचून, निंदण-खुरपण करून राठ झालेले ते हात. माय तो हात दाबून, चोळून बांगडीचं माप अजमावत विचारायची, "सासू कशी हाय आता? उठून बसते का?" बाई सांगायला लागायची, सांगता सांगता डोळ्याला पदर लावायची, आणि तेवढ्यात मायच्या उजव्या अंगठ्यानं बांगडी हाडावरून अलगद मनगटात सरकवलेली असायची. बाईला कळायचंसुद्धा नाही. चुकून एखादी फुटलीच तर 'फुटली' म्हणायचं नाही, 'वाढली' म्हणायचं, आणि ती कासाराच्या पदरची. आणि एक रीत माय फार पाळायची. स्टुलावर बसून बाईनं हात पुढं केला, की तिला मोकळ्या हातानं उठू द्यायचं नाही. भांडण होवो, पाऊस येवो, हात भरूनच उठवायचं. भरून झालं की बाई, मग ती मायपेक्षा कितीही मोठी असो, तिच्या पाया पडायची.

आता शॉकपचं सांगते. डिक्कीच्या झाकणाला दोन्ही बाजूंनी एकेक काळा नळा असतो, त्यातून चकचकीत दांडी आत-बाहेर होते. आत गॅस कोंडलेला असतो. त्याच्या जोरावर ते एवढं जड झाकण वर तरंगत राहतं. आमच्याकडं त्याला शॉकपच म्हणायचे. आमची गाडी जुनी, तिचे शॉकप त्याहून म्हातारे. आधी झाकण अर्ध्यावर येऊन थांबायला लागलं. मग थंडीत सकाळी वरच राहीना. मग एक दिवस शिरड शहापूरला ते हळूहळू खाली आलं आणि एका बाईच्या डोक्यावरच्या टोपलीवर टेकलं. बाई खूप हसली. माय हसली नाही.

"काहून नवे टाकत न्हाई तुमी?" मायनं घरी आल्यावर विचारलं.

"नवे?" आप्पांना तो शब्दच लागायचा. "आगं, त्यातला गॅस संपला. गॅस संपला की भरायचा असतो. लायटरमधी भरतेत, शेगडीच्या टाकीत भरतेत, फ्रिजमधी भरतेत. हिंगोलीत भरून मिळत न्हाई अशी एक वस्तू दाखव मला."

हे त्यांचं तत्त्वज्ञान. आमच्या घरात काही टाकून दिलं जात नव्हतं. गादीत कापूस पुन्हा भरला जायचा, बॅटरीत पाणी, पेनात कांडी, चपलेला तळवा. आप्पा कंजूष नव्हते, हे मला आजही कुणी म्हटलेलं खपत नाही. एखादी वस्तू संपली असं मानणंच त्यांना पटायचं नाही, एवढंच. त्यांनी पान्यानं दोन्ही शॉकप काढले, फडक्यात गुंडाळले आणि हिंगोलीला गेले. शेगडी दुरुस्त करणाऱ्यानं हात जोडले. फ्रिजवाल्यानं ते उलटेपालटे करून पाहिले आणि म्हणाला, "चाचा, ये भरता नहीं, बदलता है." एवढं ऐकून माणूस घरी येतो. पण आप्पा गेले त्यांच्या पंक्चरवाल्या दोस्ताकडं. दोघांनी मिळून ठरवलं की नळ्याला भोक पाडायचं, टायरचा वॉल्व्ह बसवायचा आणि हवा भरायची. गॅस काय, हवा काय, दोन्ही दिसत नाहीत! भोक पडलं मात्र, आतलं काळं तेल असं उडालं की आप्पांचा पांढरा सदरा, मिशी, दोस्ताचा चेहरा, सगळं माखलं. त्या अवतारात ते घरी आले तेव्हा माय आणि मी पोट धरून हसलो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मग झाकणाला आधार म्हणून आला बाभळीचा दांडका. खाली जमिनीत रोवायचा, वरचं टोक झाकणाच्या कडेला. "मांडवाला खांब असतो का न्हाई, तसा हा आपल्या दुकानाचा खांब," आप्पा म्हणाले. त्याला त्यांनी शेंदूरसुद्धा लावला. माय म्हणाली, "खांबाला देव करू नका, शॉकप आणा." आप्पा म्हणाले, पुढच्या वेळेस नांदेडला गेलो की. नांदेड काही पळून जात नव्हतं, म्हणून जाणं होत नव्हतं.

जवळा बाजारचा तो दिवस मला डोळे मिटले तरी दिसतो. लगीनसराईचा बाजार, पाय ठेवायला जागा नव्हती. एका नवरीच्या मावश्या येऊन बसल्या होत्या. माय एकीचा हात भरून उठवत होती आणि दुसरीला हिरव्या रंगाची बांगडी दाखवायला फळीवरून बाजूला उतरून वळली होती. तिचा उजवा हात फळीच्या काठावर टेकलेला, जिथं झाकणाचं कुलूप बसतं तिथं. बकऱ्यांच्या बाजाराकडून एकजण नवी घेतलेली बकरी ओढत नेत होता. ती हटून बसली, मग उधळली, आणि तिच्या गळ्यातली दोरी आमच्या दांडक्याला वेढा घालून गेली. मी "माय!" म्हणाले का नुसतंच तोंड उघडलं, ते मला आठवत नाही. झाकण आदळल्याचा आवाज झाला. मायचा आवाज आलाच नाही. ती नुसती पांढरी पडली.

हाडं जुळली, पण कशी जुळली तर आपल्या मनानं. दोन बोटं वाकडी राहिली आणि अंगठा मुळापासून ताठ झाला, आत वळेना. दवाखान्यात सांगितलं, चेंडू दाबत जा, गरम पाण्यात हात धरत जा. मायनं सगळं केलं. भाकरी ती डाव्या हातानं थापायला शिकली. सुरुवातीला नकाशासारख्या व्हायच्या, नंतर गोल व्हायला लागल्या. सगळं करायची, फक्त बांगड्यांच्या डब्यांकडं बघायची नाही. बाजाराला मी आणि आप्पा जायचो. माझं बारावीचं कॉलेज अर्धं बाजारात, अर्धं गाडीत. मी भरायला बसले की बायका कळ सोसत दात आवळायच्या. "लेकरा, हळू," म्हणायच्या आणि पुढच्या बाजारी दुसऱ्या कासाराकडं जायच्या. मला त्याचं काही वाटत नव्हतं. मायचं वाटत होतं. ती आमच्या घरात पाहुण्यासारखी राहायला लागली होती. कुणी काही विचारलं तर बोलायची, एरवी नाही. आणि आप्पा, ते इंजिनापेक्षा जास्त बोलणारे आप्पा, मुके झाले. दोन माणसं एकमेकांवर न ओरडता एका घरात राहतात, ते ओरडण्यापेक्षा वाईट असतं.

एका सकाळी आप्पा कुणाला न सांगता नांदेडच्या बसमध्ये बसले. दुपारी आले ते कागदात गुंडाळलेले दोन नवे शॉकप घेऊन. लिंबाखाली गाडी लावली आणि मला हाक मारली, "सुमे, झाकण धर." मी आत उभी राहून झाकण खांद्यानं आणि दोन्ही हातांनी वर रेटून धरलं. चौकटीवरचा आणि झाकणावरचा गोल खिळा आप्पांनी रॉकेलच्या फडक्यानं घासून लख्ख केला. दुकानदारानं त्यांना बजावलं होतं, नळा वर, दांडी खाली, म्हणजे तेल खालच्या तोंडाशी राहतं आणि गॅस निसटत नाही. बसमध्ये ते नांदेडपासून हेच घोकत आले होते म्हणे, आणि बसवला तो नेमका उलटा. स्क्रूड्रायव्हरनं बारीक पट्टी उचकून पुन्हा काढावा लागला. तोवर माझे खांदे भरून आले. "आप्पा, लवकर!" मी ओरडले. "आता न्हाई लवकर," ते म्हणाले, "आता बराबर." एक बाजू खट्ट करून बसली. एका बाजूवर झाकण तिरकं व्हायला लागलं, तसं मी जीव खाऊन रेटलं. दुसरी बाजू बसली, खट्ट. "सोड," आप्पा म्हणाले. माझा सोडायचा धीर होईना. "सोड लेकरा." मी सोडलं. झाकण जागचं हललं नाही.

आप्पांनी ते खाली ओढून बंद केलं, कुलूप उघडलं, नुसता बोटाचा धक्का दिला. फुस्स करून ते आपलं आपण वर गेलं आणि थांबलं. किती वेळा त्यांनी ते केलं! माय उंबऱ्यात उभी होती. "गिरजे, बघ तरी," आप्पा म्हणाले. तिनं पाहिलं. मग ती आत गेली आणि परातीत पीठ घेतल्याचा आवाज आला. आप्पा झाकणाला हात लावून तसेच उभे राहिले. मला त्या वेळी त्यांची दया आली, आणि मायचाही राग आला नाही. दोन्ही एकदम वाटत होतं.

श्रावणातल्या पंचमीच्या आधीच्या बाजाराला माय आली. का आली, मी विचारलं नाही. जवळा बाजारलाच. आप्पांनी झाकण उघडलं, मी डबे मांडले. माय मात्र गाडीपासून लांब, उन्हात, पोतं टाकून बसली, तोंड भजेवाल्याच्या कढईकडं. झाकणाच्या सावलीत ती पाय ठेवीना. आप्पा तिच्याकडं बघत राहिले, बघत राहिले. मग ते गाडीमागं आले, खाली मातीत फतकल मारून बसले आणि आपला उजवा हात वर करून फळीच्या काठावर ठेवला. बरोबर तिथं, कुलपाच्या जागी.

"आप्पा, हे काय करून राहिले?" मी म्हणाले.

"काय न्हाई. बसलो."

येणारे-जाणारे बघायला लागले. चहावाला आला तो म्हणाला, "कासार, हाताला काय झालं?" आप्पा म्हणाले, "काय न्हाई, वाळत घातलाय." चहा त्यांनी डाव्या हातानं घेतला आणि निम्मा सदऱ्यावर सांडला, पण उजवा उचलला नाही. ऊन वर आलं. झाकण आपलं डौलात उभं, आणि खाली माझा बाप.

शेवटी माय पोत्यावरून बोलली, "काढा तो हात. लोक हसून राहिले."

"हसू दे. पडलं तर माझ्या हातावर पडंल. तू बस तिकडंच."

माय आली नाही. आप्पांनी हात काढला नाही. दोघं हट्टी, मी मध्ये. त्या दोघांच्या हट्टात मी आयुष्यभर मध्येच राहिले, पण तो हट्ट ऐकायला आज कान तरसतात.

दुपारच्या सुमाराला झमकूबाई आली. जवळच्या तांड्यावरची, मायची जुनी गिऱ्हाईक. दंडावर बंजारणींच्या पांढऱ्या बलया म्हणजे चुडे, अंगावर आरशांची काचोळी, केस पिकलेले, आणि मनगटाला मात्र मायच्याच हातच्या हिरव्या बांगड्या लागायच्या. तांड्यावर तीज, त्यांचा श्रावणातला सण, जवळ आली होती.

"कासारीण कुठं हाय?"

"माय भरत न्हाई आता," मी म्हणाले. "मी भरते, बसा."

"तू? लेकरा, तू माझा हात कापून ठेवशील." तिनं मायला पाहिलं. "ये गं."

मायनं बसल्या जागेवरून आपला वाकडा हात वर करून दाखवला. "बघ झमकूबाई. अंगठा वळत न्हाई. माझा हात गेला."

"तुझा गेला आसंल. माझा तर हाय ना?" असं म्हणून झमकूबाई झाकणाखालच्या स्टुलावर बसली आणि तिनं आपला हात पुढं केला, कुणीच समोर नसताना, मोकळ्या हवेत. "हे बघ, हात पुढं केला मी. आता तीजेच्या तोंडावर मला मोकळ्या हातानं उठवतीस का काय?"

मायनं त्या हाताकडं पाहिलं. बाईचा हात पुढं, आणि कासारीण पोत्यावर! तिच्यानं ते पाहवेना. ती उठली, गाडीशी आली, झाकणाकडं वर बघितलं, मग काठावरच्या आप्पांच्या हाताकडं बघितलं. "सरका जरा," म्हणाली. आप्पा सरकले, हात तिथंच. माय फळीवर त्या हाताच्या शेजारी बसली.

पहिली बांगडी वाढली. दुसरी वाढली. ताठ अंगठ्याखाली काच दबायची आणि कट्टकन तुटायची. झमकूबाईच्या मनगटावर रक्ताचा थेंब आला, तिनं तो ओढणीनं पुसला. माय थांबली. "न्हाई होत मला," म्हणाली. तिच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

"वाढू दे," झमकूबाई म्हणाली. "मला कुठं जायचं हाय? सांजच्यापर्यंत बसते."

आणखी वाढल्या. मायच्या पायाशी हिरव्या काचेचा खच पडला. मग माय न बघता, सवयीनं, म्हणाली, "म्हैस व्याली का गं तुझी?" झमकूबाई म्हणाली, "व्याली की. पण रेडा झाला." आणि ती सांगायला लागली, रेड्याचं, म्हशीचं, दूध पिऊन पळणाऱ्या नातवाचं. माय हूं हूं करत होती. हात कधी बदलले तिलाही कळलं नाही. वाकड्या उजव्या हातानं तिनं झमकूबाईचा पंजा नुसता कवटाळून धरला होता आणि बांगडी डाव्या हातानं पुढं गेली होती. हाडावरून सरकून ती मनगटात जाऊन वाजली. मायनं पाहिलं, झमकूबाईनं पाहिलं, पण रेड्याची गोष्ट दोघींनी थांबवली नाही.

हात भरला. मग दुसराही भरला. झमकूबाई उठली. पाया पडायला वाकली तशी माय संकोचून पाय मागं घ्यायला लागली, तर त्या म्हातारीनं मायचा तो वाकडा हातच उचलला आणि आपल्या कपाळाला लावला. तिच्यामागं आणखी दोन बायका येऊन उभ्या होत्या. माय आप्पांना म्हणाली, "काढा आता तो हात. डबा ठेवायला जागा न्हाई." आप्पांनी हात काढायला बघितलं तर तो सुन्न झालेला, उचलेना. मायनंच तो उचलून बाजूला ठेवला, आणि किती महिन्यांनी मला ते दोघं एकदम हसलेले ऐकू आले.

त्यानंतर माय पुष्कळ वर्षं बाजार करत होती. सावकाश भरायची, जास्त वाढायच्या, आणि बायका रांगेत थांबायच्या. आता माय नाही, आप्पा नाहीत, व्हॅन कुठल्या भंगारात गेली माहीत नाही. मागल्या महिन्यात लेक मला पुण्यातल्या एका मोठ्या दुकानात घेऊन गेली, भाचीच्या लग्नासाठी बांगड्या घ्यायच्या म्हणून. काउंटरवरच्या पोरीनं गोड आवाजात विचारलं, "मॅम, तुमची साइज काय?" मी हात पुढं केला. ती पोरगी हाताकडं बघत राहिली, मग माझ्याकडं. "आई, ती साइज विचारतेय, सांग ना," लेक म्हणाली. मला माझं माप माहीत नव्हतं. कुणी कधी विचारलंच नव्हतं मला. मी हात तसाच पुढं धरून उभी राहिले.